ट्रेडमार्क नोंदला, आता नेमकं कोणाला अडवता येतं?

कलमदान

नोंदणीचं प्रमाणपत्र हातात पडलं की बहुतेकांचा समज होतो की तो शब्दच आता आपला झाला. कायदा तसं म्हणत नाही. मालकाचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे एका जागी असावं म्हणून हा धागा. चर्चा भारतातल्या ट्रेडमार्क कायदा १९९९ पुरतीच ठेवू. (कायदा १९९९चा असला तरी अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून आहे.)

गाभा दोन कलमांत आहे. कलम २८ हक्क देतं: ज्या माल-सेवांसाठी चिन्ह नोंदलं, त्यांच्यासाठी ते वापरण्याचा एकट्याचा अधिकार, आणि उल्लंघन झालं तर दाद मागण्याचा अधिकार. ‘नोंदणी वैध असेल तर’ ही अट त्याच वाक्यात आहे. ती वाचायची राहते आणि दावा तिथेच अडकतो.

कलम २९ उल्लंघन म्हणजे काय ते सांगतं. पोटकलमं नीट वेगळी केली नाहीत तर नोटिशीत सगळीच ठोकून दिली जातात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चिन्ह तेच आणि मालही तोच: इथे गोंधळ होण्याची शक्यता न्यायालयाने गृहीत धरायची असते, २९(३). हॉटेलांच्या ‘रेनेसाँ’ नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच ठासून सांगितलं. समोरच्याचं गिऱ्हाईक वेगळ्या थरातलं आहे, म्हणून गोंधळ होणार नाही, ही सबब तिथे चालली नाही.

चिन्ह तेच पण माल मिळताजुळता, किंवा चिन्ह मिळतंजुळतं आणि माल तोच वा मिळताजुळता: इथे गोंधळाची शक्यता, किंवा दोन्ही एकाच घरचे आहेत असा ग्रह होण्याची शक्यता, वादीने दाखवून द्यावी लागते.

माल अगदीच वेगळा: इथे २९(४) लागतं. त्यात गोंधळ दाखवावा लागत नाही, पण चिन्हाला भारतात नावलौकिक आहे आणि समोरचा विनाकारण त्याचा गैरफायदा घेतोय किंवा त्या चिन्हाचं वेगळेपण वा लौकिक बिघडवतोय, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. लौकिकाचा पुरावा नसताना २९(४) टाकणं म्हणजे समोरच्या वकिलाला फुकटचा मुद्दा देणं.

याशिवाय तुमचं चिन्ह कोणी आपल्या फर्मच्या वा कंपनीच्या नावात घेतलं तर २९(५), वेष्टनावर छापलं तर २९(७), जाहिरातीत वापरलं तर २९(८). आणि २९(९) बरेच जण विसरतात: चिन्हात शब्द असतील तर ते नुसते बोलून वापरणंही उल्लंघन होऊ शकतं. रेडिओवरची जाहिरात त्यात येते.

उंबरठा

छान मांडणी. एक शंका: नोंदणी एका वर्गात आहे आणि नक्कल दुसऱ्या वर्गातल्या मालावर. मग कलम २९ लागूच नाही ना?

नोंदवही

@उंबरठा, असं नाही. ४५ वर्ग (३४ मालाचे, ११ सेवांचे) ही कार्यालयाची कामाची सोय आहे. दोन माल सारखे आहेत का, हे त्यांचा प्रकार, उपयोग, ते कोण विकत घेतं, एकाच दुकानात एकाच फळीवर येतात का, यावरून ठरतं. वर्ग वेगळे असूनही माल सारखे ठरू शकतात आणि वर्ग एक असूनही वेगळे.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. एका वर्गात नोंदणी मिळाली म्हणजे त्या वर्गातलं सगळं आपलं होत नाही. ‘चारमिनार’च्या प्रकरणात (विष्णुदास ट्रेडिंग विरुद्ध वझीर सुलतान, १९९६) कंपनी सिगारेटी बनवत होती, नोंदणी मात्र तंबाखूच्या तयार मालावर सरसकट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सिगारेटींपुरती आखडायला मान्यता दिली. ‘नंदिनी’ दूध आणि ‘नंदिनी डिलक्स’ उपाहारगृह यांच्या वादातही (२०१८) न्यायालयाने माल-सेवा वेगळ्या धरल्या आणि उपाहारगृहवाल्याची नोंदणी, दूध आणि दुग्धजन्य पदार्थ वगळून, टिकवली.

म्हणून अर्ज भरताना मालाची यादी वर्गाच्या मथळ्यावरून उतरवून घेऊ नये. जे विकता आणि येत्या काळात खरोखर विकणार आहात, तेच लिहा. फुगवलेली यादी पुढे कलम ४७ खाली (वापर नाही म्हणून) छाटली जाते, आणि दावा चालू असतानाच छाटली गेली तर चेहरा उतरतो.

टाकसाळ

प्रमाणपत्रावरचं चित्र नीट बघा, असं मी सगळ्यांना सांगते. नोंदणी कशाची झालीय: नुसत्या शब्दाची, की लेबलची?

कलम १७: हक्क चिन्हाच्या *संपूर्ण* रूपावर मिळतो. लेबलमध्ये पाच शब्द, एक चित्र आणि एक घोषवाक्य असेल तर त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर आपोआप हक्क येत नाही. तुकडा स्वतंत्रपणे नोंदलेला हवा. आणि जो भाग त्या धंद्यात सगळेच वापरतात किंवा ज्याला स्वतःचं वेगळेपण नाही, त्यावर तर नाहीच. २०२५ मध्ये ‘ब्लेंडर्स प्राइड’ विरुद्ध ‘लंडन प्राइड’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा धरला: ‘प्राइड’ एवढाच शब्द उचलून तुलना करायची नाही, चिन्हं अखंड बघायची. मनाई हुकूम मिळाला नाही.

याचा अर्थ ठळक भागाला किंमत नाही असा मात्र घेऊ नका. अखंड बघतानाही गिऱ्हाइकाच्या लक्षात काय राहतं, हे न्यायालय पाहतंच. ते गिऱ्हाईकही दोन डबे शेजारी ठेवून पारखणारं नसतं. साधारण बुद्धीचं, आठवण पुसट असलेलं माणूस धरायचं, हे ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’पासून (१९६२) चालत आलंय. औषधांत तर कसोटी आणखी कडक: कॅडिला प्रकरण, २००१. तिथे चुकीची गोळी पोटात जाण्याचा प्रश्न असतो.

व्यवहारात करायचं ते असं: शब्दाचा अर्ज वेगळा, लोगोचा वेगळा. लोगो रंगाची मर्यादा न घालता नोंदवला तर कलम १०(२) प्रमाणे तो सगळ्या रंगांसाठी नोंदला असं धरतात. लाल-पिवळ्या रंगाचा दावा केलात आणि नक्कल हिरव्यात आली, तर वाद विनाकारण लांबतो. नोंदवहीत काही अट वा मर्यादा टाकलीय का, तेही आधी तपासा. दोन्ही अर्जांचं शुल्क वेगळं पडतं: ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००.

सावकाश

आमच्याकडे नोंदणी आहे, समोरच्याकडे काहीच नाही. मग तो कायद्याने उपराच ना? त्याला थांबवायला अडचण काय?

अपीलवाला

@सावकाश, अडचण कलम ३४. तो तुमच्या आधीपासून वापरत असेल तर तुम्ही त्याला थांबवू शकत नाही.

तारखांचं गणित काटेकोर आहे. त्याचा *अखंड* वापर दोन तारखांच्या आधीचा हवा: तुमचा पहिला वापर आणि तुमच्या नोंदणीची तारीख. या दोन्हींत जी आधीची, तिच्याही आधीचा. आणि कलम २३ प्रमाणे नोंदणीची तारीख म्हणजे अर्जाची तारीख, प्रमाणपत्राची नव्हे. समजा, तुमचा अर्ज २०१८चा, वापर २०१५ पासून. समोरचा २०१६ पासून वापरत असेल तर ३४चा आसरा त्याला मिळत नाही. २०१३ पासून असेल तर मिळतो.

उलटंही होतं. तो नोंदणी नसतानाच तुमच्यावर पासिंग ऑफचा (आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा) दावा लावू शकतो. कलम २७(२) ने तो मार्ग शाबूत ठेवलाय, आणि सय्यद मोहिदीन विरुद्ध सुलोचनाबाई (२०१५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीपेक्षा वरचढ. पासिंग ऑफमध्ये मात्र बाजारातली पत, खोटा आभास आणि नुकसान ही तिन्ही त्याला सिद्ध करावी लागतात. नोंदणीचा खरा फायदा हाच की तुमचं ते ओझं वाचतं.

दोघांकडेही नोंदणी असेल तर २८(३): एकमेकांवर उल्लंघनाचा दावा चालत नाही. मग पासिंग ऑफ आणि नोंदणी रद्द करण्याचा अर्ज (कलम ५७) एवढेच मार्ग उरतात. आयपीएबी (बौद्धिक संपदा अपील मंडळ) २०२१ मध्ये बरखास्त झाल्यापासून तो अर्ज ट्रेडमार्क रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ल्यूपिन विरुद्ध जॉन्सन अँड जॉन्सन प्रकरणात असंही म्हटलंय की नोंदणी उघडउघड बेकायदा वा लबाडीची असेल, तर तात्पुरत्या मनाईच्या टप्प्यावरही न्यायालय तिच्याकडे संशयाने बघू शकतं. पण त्यासाठीची पायरी फार उंच ठेवलीय.

उंबरठा

आधीच्या वापराला पुरावा म्हणून काय धरतात? प्रतिज्ञापत्र पुरे का?

अपीलवाला

नुसतं प्रतिज्ञापत्र दुबळं. चिन्ह *छापलेली* आणि तारीख असलेली बिलं, दर वर्षाची निदान काही. बिलावर फर्मचं नाव असतं आणि चिन्ह नसतं, ही नेहमीची फट. शिवाय वेष्टनाच्या छपाईची बिलं, जाहिरातींची कात्रणं, वर्षवार विक्रीचं सीएचं प्रमाणपत्र. मधली दोन-तीन वर्षं कोरी असतील तर ‘अखंड’ या शब्दावर समोरचा बोट ठेवतो. अर्जातच वापराची जुनी तारीख सांगितली असेल तर २०१७च्या नियमांतल्या नियम २५ प्रमाणे प्रतिज्ञापत्र आणि कागद सोबत जोडावे लागतात. ‘वापरण्याचा विचार आहे’ असं अर्जात लिहून नंतर दहा वर्षांचा वापर सांगू नका. तोच अर्ज तुमच्याविरुद्धचा पहिला कागद होतो.

मुद्राराक्षस२

आता हक्क जिथे थांबतो तिकडे वळू. कलम ३०.

वर्णनात्मक वापर: मालाचा प्रकार, गुण, प्रमाण, ठिकाण सांगायला कोणी तो शब्द वापरला तर अडवता येत नाही. वर्णनपर शब्द निवडणाऱ्यांना हा फटका कायम बसतो. कलम ३५ प्रमाणे स्वतःच्या नावाचा प्रामाणिक वापरही सुटतो.

सुटे भाग: ‘अमुक मशीनला बसेल’ असं सांगायला चिन्ह वापरता येतं, ३०(२)(घ). पण वापर वाजवीपणे आवश्यक हवा आणि माल मूळ कंपनीचाच असल्याचा आभास नको. ‘साठी’ हा शब्द बारीक आणि ब्रँड ठळक छापला की आभास आलाच.

आणि पुन्हा विक्री, ३०(३). मालकाने किंवा त्याच्या संमतीने बाजारात आलेला अस्सल माल कायदेशीर विकत घेऊन पुढे विकणं उल्लंघन नाही. अपवाद ३०(४): बाजारात आल्यावर मालाची स्थिती बदलली वा बिघडली असेल, किंवा दुसरं रास्त कारण असेल, तर मालक अडवू शकतो.

नोंदवही

परदेशातून आणलेल्या अस्सल मालाचं काय, हेही लिहा. लोक त्याला सर्रास ‘नकली’ म्हणतात.

मुद्राराक्षस२

सॅमसंग विरुद्ध कपिल वाधवा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०१२च्या सुरुवातीला आयातदारांना रोखलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने ते फिरवलं: कलमातला ‘बाजार’ म्हणजे फक्त भारताचा बाजार नव्हे, जगातल्या कुठल्याही बाजारात मालकाने माल विकला की त्या नगापुरता त्याचा हक्क संपला. पण विक्रेत्याने माल आयात केलेला आहे आणि त्याची हमी सॅमसंग देत नाही, हे दुकानात ठळक लावायचं. तेव्हा आयातदाराला नोटीस पाठवण्याआधी बघायचं ते असं: हमीपत्र, अनुक्रमांक, वेष्टन, भाषा यांत काही छेडछाड आहे का. नसेल तर मालकाची बाजू लंगडी.

टाकसाळ

माझं थोडं वेगळं मत आहे. तो निकाल दिल्लीचा. इथल्या न्यायालयात तो वजनदार आहे, बंधनकारक नाही. त्यामुळे लंगडी असली तरी बाजू आहे.

मुद्राराक्षस२

मान्य. पण त्या जोरावर एकतर्फी मनाईची अपेक्षा ठेवू नये एवढंच.

सावकाश

प्रतिस्पर्धी आमचं नाव सर्च इंजिनवर कीवर्ड म्हणून विकत घेतोय. जाहिरातीत नाव दिसत नाही.

कलमदान

@सावकाश, गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स, दिल्ली खंडपीठ, ऑगस्ट २०२३. कीवर्ड म्हणून वापरणं हा जाहिरातीतला ‘वापर’ आहे, पण तेवढ्याने उल्लंघन होत नाही. गोंधळ, गैरफायदा किंवा लौकिकाला धक्का दिसायला हवा. म्हणून जाहिरातीच्या मथळ्यात नाव आहे का, दुव्यावर गेल्यावर कोणाचं पान उघडतं, ते पान तुमचंच वाटतं का, हे सगळं तारीख-वेळेसह टिपून ठेवा. नुसतं ‘आमचं नाव विकत घेतलं’ पुरत नाही.

टीका आणि विडंबनाचंही इथेच सांगतो. टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस (दिल्ली, २०११) मध्ये टाटांचं चिन्ह घेऊन टीका करणारा खेळ होता, मनाई नाकारली गेली. लौकिक जपायला दिलेलं कलम टीकाकाराचं तोंड बंद करायला वापरता येत नाही.

अपीलवाला

आता कारवाई. चुका सगळ्यात जास्त इथे होतात.

आधी पुरावा. नक्कल केलेला माल बिल घेऊन विकत घ्या, वेष्टन न फाडता ठेवा. ऑनलाइन असेल तर पत्ता, तारीख, वेळ दिसेल अशी चित्रं घ्या, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र (जुनं ६५ब) तयार ठेवा. नोंदवहीची प्रमाणित प्रत मागवा. त्या प्रतीत बरेचदा मालकाचं नाव जुन्याच फर्मचं निघतं, कारण भागीदारीची कंपनी झाली तेव्हा बदल नोंदवलाच नव्हता. आधी तो दुरुस्त करून घ्या.

समोरच्याचा अर्ज नुकताच ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये आला असेल तर प्रसिद्धीपासून ४ महिन्यांत विरोध दाखल करा. ही मुदत वाढत नाही.

मग नोटीस. तिच्याबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे: नक्कल उघड बदमाशीची असेल तर नोटीस पाठवूच नका. नोटीस मिळताच समोरचा तीन गोष्टी करतो: कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, लावतो (९० दिवस टिकते, तुमचा एकतर्फी हुकूम गेला), माल हलवतो, आणि तुमच्या नोंदणीवर रद्दबातलचा अर्ज टाकतो. प्रामाणिक गैरसमज वाटत असेल तिथे मात्र नोटीस चांगली. अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात.

नोटिशीत धमकी द्याल तर कलम १४२ लक्षात असू द्या. निराधार धमकीविरुद्ध समोरचा तुमच्यावरच दावा लावू शकतो. नोंदणीकृत मालकाने वेळेत उल्लंघनाचा दावा लावून तो नीट चालवला तर १४२ लागत नाही.

नोंदवही

@अपीलवाला, वाणिज्य न्यायालय कायद्याचं कलम १२अ राहिलं. तातडीचा दिलासा मागत नसाल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, पाटील ऑटोमेशन (२०२२). आणि यामिनी मनोहर (२०२३) नंतर न्यायालय बघतं की तातडी खरी आहे की मध्यस्थी टाळायला उभी केलीय. नक्कल कळल्यावर आठ महिने नोटिशींचा पत्रव्यवहार करून मग ‘तातडी’ म्हटलं की प्रश्न विचारला जाणारच.

अपीलवाला

बरोबर, म्हणूनच बदमाशीच्या प्रकरणात नोटिशींचा घोळ नको म्हणतो.

दावा कुठे: जिल्हा न्यायालयाच्या खाली नाही. कलम १३४(२) वादीला स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावू देतं, पण संजय दालिया निकालाने (२०१५) त्याला लगाम घातलाय: जिथे तुमचं कार्यालय आहे आणि तिथेच उल्लंघनही घडलंय, ते सोडून मुद्दाम लांबचं न्यायालय गाठता येत नाही. शिवाय ही सवलत उल्लंघनाला आहे, पासिंग ऑफला नाही. दोन्ही एकत्र करताना मुंबई उच्च न्यायालयात लेटर्स पेटंटच्या (त्या न्यायालयाच्या मूळ सनदेच्या) कलम १४ खाली परवानगी मागावी लागते.

मागायचं काय: मनाई, नकली माल आणि लेबलं ताब्यात देणं, आणि नुकसानभरपाई *किंवा* नफ्याचा हिशेब. दोन्ही मिळत नाहीत, एक निवडायचं. समोरच्याला नोंदणी माहीत नव्हती, तसं मानायला कारणही नव्हतं आणि कळताच त्याने थांबवलं, असं त्याने सिद्ध केलं तर नाममात्र भरपाईवर भागतं, १३५(३).

टाकसाळ

फौजदारी मार्गही आहे: कलम १०३-१०४, शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख. पण १९९९च्या कायद्याखाली पोलिसांनी स्वतः छापा घालायचा तर अधिकारी किमान उपअधीक्षक दर्जाचा हवा आणि आधी रजिस्ट्रारचं मत घेतलेलं हवं, ११५(४). ते मत येईपर्यंत गोदाम रिकामं होतं. ठिकाण पक्कं माहीत असेल तर दिवाणी न्यायालयाकडून कोर्ट कमिशनर (न्यायालयाच्या वतीने जागेवर जाऊन माल ताब्यात घेणारा) नेमून घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

उंबरठा

समोरचा पाच वर्षं उघडपणे वापरतोय, आता हक्क गेला, असं ऐकलंय.

मुद्राराक्षस२

अर्धवट ऐकलंय. कलम ३३ ची पाच वर्षं समोरच्याचं चिन्ह *नोंदलेलं* असेल तरच लागतात, आणि तुम्हाला वापर माहीत असून तुम्ही चालवून घेतलेलं हवं. त्याने लबाडीने अर्ज केला असेल तर तेही नाही. बिगरनोंदणीवाल्याला हे कवच नाही. नुसत्या उशिराने, हेतू अप्रामाणिक असेल तर, मनाई नाकारू नये असं मिडास हायजीन (२००४) सांगतं. तरी उशीर केल्याने तात्पुरत्या मनाईचा जोर कमी होतो, हे रोजचं चित्र आहे.

हक्क खरा जातो तो दुसऱ्या वाटांनी. नूतनीकरण दर १० वर्षांनी. चुकलं तर ६ महिने जादा शुल्कात, त्यानंतर वर्ष संपेपर्यंत पुनर्स्थापनेचा अर्ज, मग नोंदणी गेली. कलम ४७: चिन्ह नोंदवहीत प्रत्यक्ष चढल्यापासून सलग ५ वर्षं वापर नसेल तर कोणीही बाधित व्यक्ती ते काढायला लावू शकते. इथे अर्जाची तारीख मोजत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. दुसऱ्याला वापरू देत असाल तर करार लेखी करा आणि त्यात गुणवत्तेवर देखरेख ठेवा. नोंदणी न केलेल्या परवानाधारकाला स्वतः दावा लावता येत नाही, कलम ५३.

सावकाश

शेवटचं. अर्ज प्रलंबित असताना वर्तुळातला आर लावला तर?

नोंदवही

लावू नका. नोंदणी नसताना नोंदलेलं असल्याचं दाखवणं कलम १०७ ने मनाई केलंय. तोवर टीएम लावा. आणि अर्ज प्रलंबित असताना उल्लंघनाचा दावा लागत नाही, पासिंग ऑफचाच लागतो. पुढे नोंदणी झाली की दाव्यात दुरुस्ती मागून उल्लंघन जोडता येतं. नोटिशीतही ‘आमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क’ असं लिहू नका. समोरचा वकील सगळ्यात आधी सरकारी संकेतस्थळावर अर्जाची स्थितीच बघतो.